हातचा

सिव्हिल लाइन्सच्या आमच्या कचेरीत एक पाटी आहे.
मंजूर पदं तैलरंगात,
भरलेली आणि रिक्त खडूनं.
पुसून पुसून तो भाग राखाडी झालाय.

माझ्याकडे तीन केंद्रं. एक माझं,
दोन अतिरिक्त कार्यभार.
एकोणचाळीस शाळा, एक अ‍ॅक्टिव्हा
आणि एक शिक्का, त्याच्या पॅडचं झाकण
दोन पावसाळ्यांपूर्वी हरवलं.

आज भंडारा रोड, ट्रक टर्मिनलच्या मागची शाळा.
यादीत ती लाल आहे.
लाल म्हणजे: तातडीनं साहाय्य.
लाल करायला मला येतं, एका क्लिकचं काम.
साहाय्याचं पान मात्र उघडत नाही,
चक्र फिरत राहतं, मी चहा पिऊन येते,
ते फिरतच असतं.

कळमन्याकडून मिरचीचा वारा येत होता.
चौथीचा वर्ग एका सुरात शिंकला.
नंदेश्वर बाई म्हणाल्या,
"मॅडम, पाच वर्ग अन् मी एकटी.
गोमासे सर मतदार यादीवर हायेत."
कपाटात गणिताची पेटी, सीलबंद.
वर लिहिलेलं: प्रशिक्षणाशिवाय उघडू नये.
प्रशिक्षण कोण देणार?
पत्रावर माझंच पदनाम होतं.

सोळा पानांचा नमुना भरत बसले.
हात धुण्याची जागा: आहे.
उतरंडीचा रॅम्प: आहे, त्यावर बकरी.
अकराव्या पानावर विचारलंय,
शाळेला कोणत्या मदतीची गरज आहे,
पन्नास अक्षरांत.

तेवढ्यात बाईंना पोषण आहाराच्या तांदळासाठी
कोणीतरी हाक मारली
आणि खडू माझ्या हातात आला.
फळ्यावर हजार वजा तीनशे सत्तेचाळीस.
दुर्पती साहू उभी राहिली, दोन वेण्या, एक रिबन.
एककाजवळ शून्य, म्हटलं, शेजारी माग.
"त्याच्याजवळ बी शून्य."
मग त्याच्या शेजारी.
"अन् त्याच्याजवळ बी शून्यच असन तं?"

एकोणीस वर्षांची नोकरी आहे माझी.
त्या शेजाऱ्यांच्या घरी मी जाऊन आलेय.
शाळा मागते केंद्राला, केंद्र बीटाला,
बीटाचे विस्तार अधिकारी प्रतिनियुक्तीवर,
पंचायत समितीत प्रभारी, त्यांनाही दुसरा प्रभार,
डाएटमध्ये गणिताच्या खोलीला कुलूप
आणि किल्ली निवृत्त झालेल्या सरांच्या खिशात.
सगळे सभ्य. कोणी नाही म्हणत नाही.
"प्रस्ताव पाठवा" म्हणतात, आणि तोच प्रस्ताव
स्वतःच्या सहीनं पुढे मागत जातात.

पोरं वाट पाहत होती.
शेवटी एक जण असतो, म्हटलं, पार डावीकडे,
त्याच्याजवळ आहे.
पण तो मोडल्याशिवाय कोणाला काही मिळत नाही.
मोडला हजार. शतकाला दहा मिळाले,
त्यानं एक दशकाला दिला, दशकानं एक एककाला.
दुर्पतीनं बोटं मोजली, पुन्हा मोजली.
"मॅडम, मधातल्या दोघायजवळ
नऊ-नऊ राह्यले. देल्लं तरी."
हो, म्हटलं. देल्लं तरी.

सहाशे त्रेपन्न. सतरा पाट्यांपैकी नऊ बरोबर.
उरलेल्या आठांसाठी मी दुपारपर्यंत थांबले
आणि तीन शाळा उद्यावर गेल्या,
उद्याच्या परवावर.
भेटीचा कालावधी टाकला: तीन तास दहा मिनिटं.
मोबाइल म्हणाला, वैध कालावधी टाका.
तीस मिनिटं टाकली, हिरवी खूण आली.

निघताना बाईंनी भेटवही पुढे केली.
"पुन्हा कधी येसान?"
मी शिक्का शोधण्यात वेळ काढला.
पॅड वाळलेलं. दोनदा थुंकी लावली,
दाबून धरला.
नाव नाही उठलं, पदनाम नाही,
केंद्राचं नाव नाही.
नुसता गोल.
बाईंनी फुंकर मारली,
"चालते, मॅडम," म्हणाल्या, "गोल तं आला."